आधी पंखा बंद करा

चित्रपटांसाठी आवाज रेकॉर्ड करण्याचं काम मी ३६ वर्षं केलं. त्या कामाबद्दल आणि त्याभोवतीच्या जगण्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. ॲग्री झालो आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. कॉलेजात असल्यापासून डोक्यात फक्त सिनेमा आहे, पण वडील म्हणतात, आधी बाग बघ. मुंबईला निघून जाऊ का? दिग्दर्शक व्हायला कुठला कोर्स करावा? – एक वाचक, बार्शी

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानं आहेत. त्यात मुंबई आहे, कॅमेऱ्यांच्या किमती आहेत, वडिलांवरचा राग आहे. बाग मात्र एकाच ओळीत उरकली आहेस, आणि मी त्या ओळीपाशीच अडले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत ओळीओळीने सरकणाऱ्या बायका, विरळणीच्या वेळी कात्र्यांचा होणारा बारीक आवाज. बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आलं की घरात जेवताना कुणी बोलत नाही, तेही तू पाहिलं असशील. एवढं जवळून पाहिलेलं जग घेऊन मुंबईत येणारी मुलं मला फार थोडी भेटली.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून शिकून आले तेव्हा त्यांच्या सिनेमावर पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्या रोपाची वाढ टिपली. दाणा फुटतो, वेल वर चढते, सगळं डोळ्यांदेखत. ते पाहून भांडवल मिळालं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, ३ मे १९१३ चा. आणि हे वाचशील तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दलही वाच. कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्या शिकल्या, वर सगळ्या मंडळींचं जेवणखाणही बघत होत्या. माझ्या दृष्टीने आपल्याकडच्या पहिल्या तंत्रज्ञ त्या.

माझं सांगते. वडिलांचं म्हसवडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, लग्नकार्याला स्पीकर भाड्याने द्यायचे. आठवीत मी डाग द्यायला शिकले. सिद्धनाथाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि तंबूवाल्याचं यंत्र बिघडलं की वडिलांना बोलावणं. एका वर्षी मी सोबत गेले होते. पडद्यावर माणसं नुसती ओठ हलवत होती आणि तंबूत शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ आली होती. फिल्मच्या कडेने आवाजाची एक पट्टी असते, तिच्यावर उजेड टाकणारा छोटा दिवा गेला होता. वडिलांनी तो बदलला. नायिकेचा पहिला शब्द आला आणि पाचशे माणसं एका क्षणात गप्प झाली. मी सिनेमात आले ती त्या गप्प होण्यामुळे. दिग्दर्शक व्हायचं की आणखी कोण व्हायचं, हा प्रश्न मला पुढची दहा वर्षं पडला नाही.

तेव्हा हा हंगाम वडिलांसोबत काढ. रोज दहा मिनिटं चित्रण कर, छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षाही दे. १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात सुरू झालेली ती संस्था आहे, तिथे नुसतं फिरलास तरी काही शिकशील. प्रवेश मिळाला नाही, तर सहा महिन्यांचं घरभाडं आणि हाताला एक पक्कं काम घेऊन मुंबईला जा. संकलन, आवाज, प्रकाशयोजना, काहीही चालेल. सेटवर ‘मला दिग्दर्शक व्हायचंय’ म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवतात. केबल नीट गुंडाळता येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावतात.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना घेऊन मोबाइलवर पंधरा मिनिटांची फिल्म केली. चित्र सुरेख आलंय असं सगळे म्हणतात, पण मुलं काय बोलतात ते कळत नाही. महागडा माइक परवडणारा नाही. – एक शिक्षिका, मालवण

आधी पंखा बंद करा. मग फ्रीज. फ्रीज बंद केलात की तुमच्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. काम संपवून निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रीज पुन्हा सुरू करायची आठवण होईल. नाहीतर ज्यांच्या घरात शूटिंग केलं त्यांचं दूध नासतं आणि पुढच्या वेळी ते घर मिळत नाही.

तुमची खरी अडचण अंतराची आहे. मोबाइल दहा फुटांवर, मूल तिकडे खिडकीपाशी. अंतर दुप्पट केलं की पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाईवर येते, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मग शब्द त्यात बुडतात. दुसरा एक साधा मोबाइल घ्या, त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करा आणि तो मुलाच्या वरच्या खिशात किंवा समोरच्या दप्तराआड ठेवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलन करताना चित्रातले हात मिटतात ती फ्रेम आणि आवाजातला टाळीचा ठोका जुळवला की झालं. मोठ्या सेटवरची क्लॅपसुद्धा एवढंच काम करते.

जमिनीवर आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या टाका. फरशीची शाळा घुमते, गोधडी तो घुमारा खाते. कपड्यांकडे लक्ष द्या : नायलॉन आणि सिल्क कुरकुरतं, सुती गप्प राहतं. तुम्ही स्वतः काम करत असाल तर काचेच्या बांगड्या उतरवा, मंगळसूत्र ब्लाउजला कागदी चिकटपट्टीने आतून चिकटवा. मेडिकलच्या दुकानात ती पट्टी मिळते. माझ्या पेटीत माइकपेक्षा त्या पट्ट्याच जास्त असायच्या.

आणि मालवणात आहात, तेव्हा गाज. ती बंद करता येणार नाही आणि करूही नका. पण एका शॉटमध्ये ती असेल आणि पुढच्या शॉटमध्ये अचानक नसेल, तर प्रेक्षक दचकतो. का दचकलो ते त्याला कळत नाही, पण गोष्टीतून तो बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचं काम संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करा आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. आम्ही तिला रूम टोन म्हणतो. प्रत्येक खोलीची, प्रत्येक अंगणाची शांतता वेगळी असते. शॉट जोडताना ती खालून अंथरली की सांधे दिसत नाहीत.

१९९१ साली माण तालुक्यात एका जुन्या वाड्याच्या अंगणात आमचं रात्रीचं शूटिंग होतं. पहाटे दोनला मी एक मिनिट मागितलं. युनिटची साठ माणसं आणि बघायला जमलेलं अर्धं गाव स्तब्ध उभं राहिलं. मिनिट संपल्यावर घरातल्या आजी माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, “कोण गेलं गं?” मी सांगितलं, कुणी नाही आजी, तुमच्या अंगणाचा आवाज घेतला. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “मला एकदा ऐकव की.” मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला आणि टेप मागे घेतली. त्यांनी ते पूर्ण मिनिट ऐकलं.

प्रश्न : जुने मराठी-हिंदी सिनेमे पाहताना जाणवतं की नायक बागेत असो की गुहेत, आवाज सारखाच. असं का? – एक वाचक, डोंबिवली

कारण तो एकाच बंद खोलीत, माइकपासून एकाच अंतरावर उभं राहून, महिन्यांनंतर बोललेला असतो.

सुरुवात अशी नव्हती. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला. त्यातले संवाद आणि गाणी शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड झाली होती. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून काम रात्री, गाड्या थांबल्यावर. वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवायचं. दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत झाला. प्रभातमध्ये आवाजाचं खातं विष्णुपंत दामल्यांकडे होतं. हेच दामले पुढे फत्तेलालांबरोबर १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक झाले. आवाजाच्या माणसाने आणि कलादिग्दर्शकाने मिळून दिग्दर्शित केलेला सिनेमा! तो आजही अंगणातल्या ओसरीवर बसून ऐकल्यासारखा वाटतो, आणि माझं मत आहे की याचं श्रेय दामल्यांच्या कानाला आहे.

१९३५ साली कोलकात्यात न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीने पार्श्वगायन आणलं. गाणं वेगळं रेकॉर्ड होऊ लागलं. पुढे कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला, आणि हाताळायला सोपा म्हणून जो ॲरी टू-सी सगळीकडे पसरला, तो शिलाई मशीन चालावं तसा वाजायचा. त्या खडखडाटात संवाद कसले मिळणार? म्हणून शूटिंगच्या वेळचा आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा आणि नंतर नट-नट्यांना डबिंगला बोलवायचं. फिल्मचा तुकडा पडद्यावर फिरत राहायचा आणि ते ओठ जुळवायचे. यात अफाट कसब असतं आणि डबिंग कलाकारांना मी मानते. पण माणूस धावत येऊन बोलतो तेव्हा त्याच्या श्वासात जे असतं, ते खुर्चीवरून उठून येत नाही.

एका चित्रपटात एका नवख्या मुलीने माळरानावर रडण्याचा प्रसंग केला होता. चार महिन्यांनी मुंबईत डबिंगला ती अर्धा दिवस झटली आणि शेवटी हताश होऊन बाहेर जाऊन बसली. मी जागेवरचा खुणेचा आवाज काढला. त्यात कॅमेऱ्याची घरघर होती, मागे एक शेळी ओरडत होती. दिग्दर्शकांना म्हटलं, हाच ठेवा. पुढच्या शॉटमध्ये आम्ही एक शेळी दाखवली.

२००१ च्या ‘लगान’सारखा मोठा सिनेमा जागेवरच्या आवाजात, म्हणजे सिंक साउंडमध्ये झाला, तेव्हापासून निर्मात्यांची भीती कमी झाली. आता तुम्ही ऐकता ते बरंचसं खरं असतं.

प्रश्न : आवाजाने उभा केलेला एकच प्रसंग सांगायचा तर? – एक वाचक, नांदेड

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, १९५५. मुलगी दुर्गा गेल्याचं बापाला माहीत नाही, तो परगावाहून येतो, पिशवीतून तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतो. आई कोसळते. तिचं तोंड उघडतं, आणि तिच्या हंबरड्याच्या जागी तारशहनाईचा, म्हणजे गजाने वाजवायच्या एका तंतुवाद्याचा, वरचा सूर येतो. तिचा स्वतःचा आवाज राय यांनी काढून टाकला आहे. पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेविसाव्या वर्षी होते. बाहेर पडून लॉ कॉलेज रोडने चालत गेले आणि तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. माझी सगळी धडपड आवाज पकडायची होती. तो काढून घेता येतो, हे तोवर मनातच आलं नव्हतं.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झाले. माझ्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. तिच्यावर माहितीपट करावा असं फार वर्षं मनात आहे. आता उशीर झाला का? – एक वाचक, जुन्नर

आई किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी गृहीत धरते की ऐंशीच्या आसपास. म्हणजे तुमच्या वयाचा प्रश्न बाजूला ठेवू.

माहितीपटाचं नाव, पटकथा, कॅमेरावाला हे सगळं नंतर. या रविवारी मोबाइल विमान मोडवर टाका, आईपासून एका वितीवर ठेवा आणि तिला गायला सांगा. जातं घरात असेल तर ते तिच्यासमोर ठेवा, मूठभर धान्य टाका. जात्याशिवाय ओवी आठवत नाही असं कितीतरी बायका मला म्हणाल्या आहेत. हात फिरू लागला की शब्द येतात. ती अडखळली तर सुचवू नका. ‘हे कुणाकडून शिकलीस’ एवढंच विचारा आणि उत्तर संपलं असं वाटल्यावरही दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. त्या दहा आकड्यांत मला आयुष्यातली सगळ्यात चांगली रेकॉर्डिंग मिळाली आहेत.

हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या सगळ्यांना वाचायला आणि काही ऐकायला उपलब्ध आहेत. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. तुम्हीही प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि आईचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासह, स्वतःच्या आवाजात बोला.

वयाचं विचारलंतच म्हणून सांगते. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांनी ‘बाई’ हा पहिला लघुपट १९८५ मध्ये केला, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि सिनेमाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. झोपडपट्टीतल्या बायकांचं ऐकता ऐकता त्या सिनेमाकडे आल्या.

प्रश्न : अकरा वर्षं सहायक दिग्दर्शक आहे. माझ्यानंतर आलेले पुढे गेले. काही ठिकाणी पैसे बुडाले, एका चित्रपटात नावही आलं नाही. मत्सर वाटतो आणि त्याची लाज वाटते. – एक वाचक, गोरेगाव, मुंबई

लाज वाटून घेऊ नकोस. तुझे पैसे बुडवणाऱ्यांना ती वाटायला हवी.

माझंही नाव एका चित्रपटातून गळालं. मी त्याच्यासाठी बेचाळीस दिवस पावसात उभी होते. आई म्हसवडहून खास तो बघायला आली होती. सिनेमा संपला, लोक उठले, आई बसून राहिली. तिला वाचायला सावकाश यायचं, म्हणून ती बोटाने एकेक ओळ धरत होती आणि ओळी वर सरकत होत्या. पडदा पांढरा झाल्यावर तिने विचारलं, “तुझं कधी येणार?” मी म्हटलं, आज घाईत लावलंय, उद्या येईल. हे मी तिला खोटं बोलले आणि ते मला आजही टोचतं.

निर्मात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर एकही काम मी कागदाशिवाय घेतलं नाही : पैसे किती, कोणत्या तारखांना, नाव कुठे आणि कसं लिहायचं. दोन कामं त्यामुळे गेली. तूही हे कर, संघटनेचं कार्ड असेल तर थकलेल्या पैशांची लेखी तक्रार दे, आणि प्रत्येक दिवसाचा कॉलशीट, म्हणजे त्या दिवशी कुणी कधी हजर राहायचं तो कागद, जपून ठेव.

मत्सराचं म्हणशील तर तो मला खूप वर्षं होता. ज्या वर्षी नाव गळालं त्या वर्षी मी मंगळवार स्वतःसाठी ठेवायला सुरुवात केली. शूटिंग असलं तर रात्री, नसलं तर दिवसभर. नाग्रा हे रेकॉर्डर बारा मोठ्या सेलवर चालायचं आणि वजन सहा-सात किलो. ते खांद्याला अडकवून निघायचे. कडकलक्ष्मीचा आसूड, स्वारगेटच्या स्टँडवर पहाटे धुवायला लावलेल्या एसट्या, कल्हईवाल्याचा भाता, तवा गरम झालाय का बघायला आईने मारलेला पाण्याचा शिंतोडा. कुणी मागितलेलं नव्हतं. त्यातलं बरंच पुढे सिनेमांत वापरलं गेलं, काही कधीच नाही. पण बुधवारी कामावर जाताना मी वेगळी असायचे, हे माझ्या जवळच्या लोकांना दिसायचं. तुला गोष्ट सांगायची आहे ना? मग आठवड्यातला एक दिवस त्या गोष्टीचा. तो कुणाला भाड्याने देऊ नकोस, मोठ्या दिग्दर्शकाने मागितला तरी.

प्रश्न : ताई, तुम्ही मिक्सिंगला बसणं सोडलंत असं कळलं. तुमच्याशिवाय ते काम कोण करणार? का सोडलंत? – तुमचा जुना बूमवाला (माइकची लांब काठी धरणारा)

तुझं अक्षर मी लगेच ओळखलं.

एका चित्रपटाचं शेवटचं रीळ मिक्स करत होतो, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवत होतो. शेजारी बसलेली सहायक मुलगी दोनदा चुळबुळली, मग म्हणाली, “ताई, मागे दिव्याच्या बॅलास्टची बारीक शिट्टी आहे, ती ठेवायची आहे का?” मला काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर आवाजाचा आलेख काढला तर आठ हजार हर्ट्झच्या जरा वर एक सरळ रेघ, पूर्ण रीळभर. मी ते रीळ तीन दिवस ऐकत होते. डॉक्टरांनी तपासणीचा कागद हातात दिला : चार हजार हर्ट्झच्या वर दोन्ही कान उतरलेत, डावा जास्त. वय झालं की वरचे सूर आधी जातात, हे मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. तरी रिक्षात बसल्यावर रडले.

त्या मुलीला माझ्या खुर्चीत बसवून उरलेलं मिक्सिंग तिच्याकडून पूर्ण करून घेतलं. ती चांगली आहे. शिट्टी तिने काढली आणि दुसरा एक आवाज, जो मी चुकून दाबला होता, तो परत वर आणला.

बोलणं मला नीट ऐकू येतं, काळजी करू नकोस. मंगळवारही चालू आहेत. गेल्या मंगळवारी जुन्या टेपा काढल्या, त्यात १९९१ ची ती वाड्याच्या अंगणातली निघाली. नाग्रा अजून चालतं. टेप लावली आणि हेडफोन घातला. तू आणि मी तेव्हा रातकिड्यांवरून वैतागलो होतो, आठवतं? आता ते मला ऐकू आले नाहीत. पण नाग्राचा काटा थरथरत होता, ते जिथे होते तिथेच आहेत. मग तू एकदा खोकलास, आणि मागून माझा आवाज आला, “परत घेते. एक मिनिट, कुणी हलू नका.”